अंजिराचं परफ्यूम त्वचेवर कसं उलगडतं? सोलापूरच्या हवेत पारखण्याची आणि वापरण्याची पद्धत

अंजिराचं परफ्यूम पहिल्यांदा हातावर मारलं की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: यात अंजीर कुठे आहे? नाकाला येतो तो चुरगळलेल्या पानाचा हिरवा, जरा कडवट वास. सुक्या अंजिराचा मधाळ गोडवा कुठेच नसतो. दुकानातच नाक मुरडलं जातं, बाटली परत ठेवली जाते, आणि ज्यासाठी हे परफ्यूम बनवलेलं असतं तो भाग नाकापर्यंत पोहोचतच नाही. कारण तो यायला पाऊण तास लागतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एवढी एक गोष्ट पक्की धरावी: या परफ्यूममध्ये फळापेक्षा झाड जास्त असतं. आधी पान, मग पान-देठ तोडल्यावर येणारा पांढरा चीक, आणि शेवटी उन्हात तापलेलं खोड. हा क्रम त्वचेवर कसा चालतो, सोलापूरच्या कोरड्या उष्ण हवेत तो कुठे बिघडतो आणि त्यावर काय करायचं, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

हा वास येतो कुठून

पिकलेल्या अंजिराचा स्वतःचा वास फार मंद असतो. गुलाब, मोगरा, वाळा यांचं जसं अत्तर काढता येतं, तसं अंजिराच्या फळाचं तेल व्यापारी पातळीवर काढलं जात नाही. पानाचा अर्क निघतो, पण त्याने त्वचेला ॲलर्जी होते आणि ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात. म्हणून सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना ‘इफ्रा’ हिच्या नियमांत अंजिराच्या पानाचा अर्क परफ्यूममध्ये वापरायला मनाई आहे. थोडक्यात, बाटलीवर अंजिराचं चित्र असलं तरी आत अंजीर नसतं. वेगवेगळे सुगंधी रेणू जुळवून परफ्यूमरने झाडाचा भास उभा केलेला असतो.

हे काम पहिल्यांदा ठळकपणे झालं १९९४ साली. फ्रान्सच्या ‘लार्तिझां पार्फ्युमर’साठी ओलिव्हिया जियाकोबेत्ती यांनी ‘प्रमिए फिगिए’ बनवलं. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, त्यांनीच ‘दिप्तिक’साठी ‘फिलोसिकोस’ बनवलं. पुढे २००३ मध्ये ‘एर्मेस’साठी जाँ-क्लोद एलेना यांनी भूमध्य समुद्राकाठच्या बागेवर एक परफ्यूम रचलं, त्यातही अंजिराचं पान आहे. २००६ मध्ये ‘अक्वा दि पार्मा’चं ‘फिको दि अमाल्फी’ आलं, त्यात लिंबूवर्गाचा भर जास्त. आज नवं कुठलंही अंजिराचं परफ्यूम हातात आलं की जाणकार ते मनातल्या मनात जियाकोबेत्तींच्या दोन बाटल्यांशी ताडून बघतात.

आत काय काय असतं? कापलेल्या गवताचा ताजा हिरवा वास देणारा सिस-३-हेक्सेनॉल. अंजिराच्या पानाचा नेमका कडवट हिरवेपणा देणारा स्टेमोन. चिकाचा दुधाळपणा आणणारे लॅक्टोन, त्यात गॅमा-नोनालॅक्टोन हा ओल्या खोबऱ्याच्या वासाचा. खोडासाठी देवदारवर्गातल्या सीडरचं तेल, चंदनी रेणू आणि ‘आयसो ई सुपर’ नावाचा मऊ लाकडी रेणू. तळाशी पांढरा मस्क, म्हणजे कस्तुरीच्या धर्तीवरचा कृत्रिम, स्वच्छ वास. यातले हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात. उलगडणं म्हणतात ते हेच. कातडीची ऊब या उडण्याला वेग देते, आणि सोलापुरात ती ऊब फार असते.

खोक्यावरच्या घटकांच्या यादीत यातलं बरंचसं सापडणार नाही. तिथे अल्कोहोल, परफ्यूम, पाणी आणि ॲलर्जी देऊ शकणारे लिमोनिन, लिनालूल, कूमारिन यांसारखे पदार्थ लिहिलेले असतात. कुठल्या प्रकारचं अंजीर आहे ते कळतं कंपनीच्या वर्णनातून. ‘फिग लीफ’ म्हटलं की हिरवं आणि कडवट. ‘फिग मिल्क’ किंवा सोबत नारळ लिहिलेला असेल तर दुधाळ. ‘फिग नेक्टर’ असेल तर मुरंब्यासारखं गोड. सुरुवात पानाच्या प्रकाराने करावी असं आमचं ठाम मत आहे. गोड प्रकार लगेच आवडतो खरा, पण उन्हाळ्यात तो चिकट वाटायला लागतो आणि बाटली कपाटात पडून राहते.

नाक तयार करा

परफ्यूम मागवण्याआधी घरच्या घरी चार वास ओळखून घ्या. यात घालवलेला अर्धा तास पुढे खूप कामाला येतो.

अंजिराचं रोप रोपवाटिकेत सहज मिळतं. पुरंदर भागातल्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या पट्ट्यातली बाग पाहायला मिळाली तर उत्तमच. पान तोडू नका, झाडावरच दोन बोटांत हलकं चुरगळा आणि बोटांचा वास घ्या. टोमॅटोच्या रोपाला हात लागल्यावर येतो तसला उग्र हिरवेपणा, आणि त्याच्या मागे, जरा थांबल्यावर, खोबऱ्याची हलकी छटा. पानातच ती छटा असते, म्हणून तर परफ्यूममध्ये नारळाचे रेणू येतात. उंबराचं पान याच्या जागी चालत नाही. कुळ एक असलं तरी वास वेगळा.

हे करताना चीक हाताला लागला तर लगेच साबणाने धुवा आणि तो भाग दिवसभर उन्हात नेऊ नका. अंजिराच्या चिकात सोरालेन वर्गाची द्रव्यं असतात. ऊन पडलं की त्यांच्यामुळे कातडी लाल होते, फोड येतात आणि नंतर काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. घरगुती ‘अंजीर पानाचं तेल’ म्हणून कुणी काही विकत असेल तर ते अंगाला लावू नका.

उरलेले तीन वास स्वयंपाकघरात आणि देवघरात आहेत. ओलं खोबरं खवून पिळलेलं ताजं दूध. सहाणेवर उगाळलेलं चंदन. आणि एक सुकं अंजीर, मधोमध फाडलेलं. प्रत्येकाचा वास वेगळा घ्या, मग पान आणि खोबऱ्याचं दूध शेजारी ठेवून एकत्र घ्या. अंजिराच्या परफ्यूमचा मधला टप्पा साधारण तिथेच असतो.

नमुना किती आणि कुठून

थेट ५० मिलीची बाटली घेऊ नका. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली द्रव येतो, म्हणजे २ मिलीच्या नमुन्यात जवळपास २० फवारे. एका चाचणीला दोन लागतात, तेव्हा २ मिली पुरतं. सोलापुरात नव्या पेठेतल्या आणि मॉलमधल्या दुकानांत प्रचलित ब्रँडचे टेस्टर मिळतात, अंजिराची नावाजलेली परफ्यूम मात्र क्वचितच. त्यांचे नमुने पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावे लागतात. सुटं काढून विकलेलं घेत असाल तर विकणाऱ्याकडून मूळ बाटलीचा आणि तळाच्या बॅच क्रमांकाचा फोटो मागा.

पार्सल उन्हाळ्यात आलं असेल तर लगेच उघडू नका. ट्रकमध्ये आणि गोदामात ते तापलेलं असतं. एक दिवस थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. गरम द्रव फवारला की अल्कोहोल आणि हिरवे रेणू इतक्या झपाट्याने उडतात की पहिला टप्पा नाकाला सापडतच नाही.

चाचणी: पायरी पायरीने

पहिली पायरी आदल्या रात्रीची. ज्या हातावर चाचणी करायची त्याला सुगंधी लोशन नको. डोक्याला खोबरेल तेलही नको. हा मुद्दा आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. खोबरेलचा वास लॅक्टोनचाच असतो. केसांतून तो दिवसभर नाकात जात राहिला की नाक त्याला सरावतं आणि परफ्यूममधला दुधाळ टप्पा जाणवत नाही. “माझ्या अंगावर नुसतं लाकूडच राहतं” अशी तक्रार करणाऱ्याने आधी आपल्या डोक्याचं तेल बघावं.

सकाळी साध्या, कमी वासाच्या साबणाने अंघोळ करा. चाचणीच्या दिवशी गजरा नको, देवघरात उदबत्ती लागली असेल तर त्या खोलीत बसू नका. शेंगा चटणी आणि कडक भाकरी खाऊन लगेच नाक लावायला बसलात तर बोटांचा लसूणच आधी येईल. जेवणानंतर तासभर जाऊ द्या.

दुसरी पायरी जागेची. मनगटापेक्षा कोपराच्या आतल्या वळणाखाली, दंडाकडून मनगटाकडे येणाऱ्या सपाट भागावर फवारा. मनगटावर घड्याळाचा पट्टा, बांगड्या, हात धुण्याचं पाणी यांची ये-जा असते. एका हातावर एकच परफ्यूम. अंजिराची दोन परफ्यूम शेजारी शेजारी मारली तर अर्ध्या तासाने दोन्हींची दुधं एकमेकांत मिसळतात आणि कुठलं कुणाचं ते कळेनासं होतं.

तिसरी पायरी: १० ते १५ सेंटीमीटर अंतरावरून एक फवारा त्वचेवर, आणि एक फवारा धुतलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावर. जुन्या सोलापुरी टॉवेलचा तळहाताएवढा तुकडा छान चालतो, फक्त तो सुगंधी पावडरमध्ये धुतलेला नसावा. कापडाला अंगाची ऊब नसते, म्हणून त्यावर परफ्यूम सावकाश चालतं. त्वचेवर काही गायब झालं आणि कापडावर ते अजून आहे, तर दोष परफ्यूमचा नाही, उष्णतेचा आहे, हे या तुकड्यावरून कळतं.

चौथी: एक मिनिट काहीच करू नका. पहिल्या मिनिटात अल्कोहोल उडत असतं आणि ते नाकाला झोंबतं. हात हातावर घासू नका. घासल्याने रेणू ‘मोडतात’ हा गैरसमज आहे. खरं कारण साधं आहे: घर्षणाने जागा तापते, द्रव पसरतो आणि आधीच कमी वेळ टिकणारा हिरवा भाग आणखी लवकर उडतो.

पाचवी: ठरलेल्या वेळी वास घ्या. २ मिनिटं, १५ मिनिटं, ४५ मिनिटं, २ तास, ४ तास, ७ तास. नाक तीन-चार सेंटीमीटरवर आणा, एक छोटा श्वास घ्या, हात दूर करा. सतत हुंगत राहिलं की नाक थकतं. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही, खिडकीतली मोकळी हवा पुरते.

सहावी: लिहून ठेवा. वेळ, जागा, आणि दोन-तीन शब्द. नमुन्यादाखल, फेब्रुवारीतल्या एका सकाळची नोंद अशी दिसेल:

१०.०२ – घरात. झणझणीत हिरवं, कडू, टोमॅटोचं पान.
१०.१५ – कडूपणा उतरला. ओला देठ. मागे काहीतरी पांढरं, गुळगुळीत.
१०.४५ – खोबऱ्याचं पातळ दूध, पान अजून आहे. सगळ्यात छान.
१२.०० – बाहेर जाऊन आल्यावर. दूध घट्ट, गोडसर. पान जवळपास गेलं.
२.०० – कोरडं लाकूड, साल. त्वचेजवळ नाक नेलं तरच.
५.०० – स्वच्छ, धुतलेल्या कपड्यासारखं. कापडावर मात्र अजून हिरवं.

“छान आहे”, “स्ट्राँग आहे” असं लिहू नका. तीन दिवसांनी त्यावरून काही आठवत नाही.

हीच चाचणी आणखी दोन वेगळ्या दिवशी करा. त्यांतला एक दिवस बाहेर हिंडण्याचा असावा. सात रस्त्यापासून नव्या पेठेपर्यंत दुपारी चालत गेल्यावर जे उरतं, तेच तुमच्या रोजच्या वापराचं परफ्यूम.

तीन टप्पे, जवळून

पानाचा टप्पा सर्वांत छोटा आणि सर्वांत जास्त गैरसमजाचा. हिवाळ्यात तो वीस मिनिटं ते अर्धा तास चालतो. बरगामोट (एक लिंबूवर्गीय फळ) किंवा लिंबू असेल तर पहिली पाच मिनिटं ते पुढे असतं. इथे कडवटपणा हवाच. तो नसेल तर पुढचं दूध नुसतं गोड वाटतं. पहिल्या क्षणाला धातूसारखा किंवा पुदिन्यासारखा तिखट झटका आला तर घाबरू नका, पाच मिनिटं द्या. दहा मिनिटांनंतरही तोच झटका जागचा हलत नसेल तर परफ्यूम स्वस्तात उरकलेलं आहे, किंवा बाटली खराब झालेली आहे.

खोडाचा टप्पाही सरळ आहे. तीन-चार तासांनंतर सीडर, चंदनी छटा आणि मस्क उरतात. काही लोकांना काही मस्क जवळपास येतच नाहीत, नाकाची ती जन्मजात बाब असते. ‘आयसो ई सुपर’चंही असंच, तो मधूनच गायब होतो आणि पुन्हा जाणवतो. परफ्यूम संपलं असं वाटून पुन्हा फवारण्याआधी घरातल्या दुसऱ्याला विचारा. तुम्हाला येत नसलेला वास शेजारच्याला व्यवस्थित येत असतो.

दोन्हींच्या मधला दुधाचा टप्पा हा या परफ्यूमचा जीव. साधारण पाऊण तासाने सुरू होतो आणि दोन-तीन तास चालतो. चांगल्या परफ्यूममध्ये इथे हिरवं आणि पांढरं एकत्र असतं: चीक आत्ता आला आहे, देठ ओला आहे, असा भास. लॅक्टोनचं प्रमाण थोडं जरी वर गेलं तरी हा भास मोडतो आणि नारळाचं बिस्कीट किंवा सनस्क्रीन लोशन आठवतं. आणि आपल्या हवेत नेमकं हेच घडतं. बाटलीतलं प्रमाण बरोबर असतं, पण उष्णतेने पान लवकर उडून जातं आणि दुधाला तोलायला कुणी उरत नाही. मग तेच परफ्यूम पॅरिसच्या समीक्षेत ‘हिरवं, सावलीतलं’ असतं आणि इथे मे महिन्यात खोबरेल तेलासारखं वाटतं. दोघांची नाकं बरोबरच असतात.

सोलापूरच्या ऋतूंप्रमाणे

डिसेंबर ते फेब्रुवारी हा चाचणीचा काळ. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या मध्यात, सकाळी हवा गार आणि कोरडी असते. तिन्ही टप्पे सुटे सुटे मिळतात. विकत घ्यायचं की नाही याचा निर्णय याच दिवसांत घ्या. पण कातडी कोरडी पडल्याने वास लवकर ओसरतो. त्यासाठी फवारण्याआधी बिनवासाची पेट्रोलियम जेली, ज्वारीच्या दाण्याएवढी, त्या जागी चोळा आणि पाच मिनिटं थांबा. जड रेणू त्यात धरून राहतात. जास्त लावली तर उलटं होतं: वास दबतो आणि कपड्याला डाग पडतो.

मार्चअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत पारा चाळिशीपार जातो. अर्धा तास रेंगाळणारं पान दहा-बारा मिनिटांत संपतं. या दिवसांत तीन बदल करा. एक, त्वचेवर एकच फवारा, तो गळ्याऐवजी गुडघ्यामागे किंवा पोटाच्या वर कपड्याच्या आत. नाकापासून दूर राहिला की दूध अंगावर येत नाही. दोन, दुसरा फवारा सुती शर्टाच्या किंवा ओढणीच्या आतल्या बाजूला, २० सेंटीमीटरवरून. कापडावर पान जास्त वेळ राहतं आणि त्वचेवरच्या दुधाला तोलून धरतं. फिकट रेशमावर मात्र फवारू नका, डाग पडतो. तीन, हलक्या ‘ओ द तॉयलेत’ प्रकाराची निवड. ‘ओ द पार्फम’मध्ये सुगंधाचं प्रमाण जास्त असतं, आणि अंजिराच्या बाबतीत ती वाढ अनेकदा दूध-लाकडाच्या बाजूने झालेली असते. घामावर परफ्यूम मारू नका. आधी पुसा, पाणी लावा, कोरडं करा.

पावसाळ्यात हवा दमट असते आणि वास दूरवर जातो. दोनऐवजी एक फवारा पुरे.

एसीचा घोळ वर्षभर चालू असतो. दुकानात २४ अंशांत जे हिरवं, थंडगार वाटलं ते दाराबाहेर पाऊल टाकताच बदलतं. म्हणून दुकानात हातावर मारा, पैसे न देता बाहेर पडा, दोन तासांनी ठरवा. दुकानदार थोडा खट्टू होईल, होऊ द्या.

तोळ्याच्या भावात मिळणारं ‘फिग’

अत्तराच्या दुकानांत नावाजलेल्या परफ्यूमच्या धर्तीवर बनवलेली तेलं मिळतात. ३, ६ आणि १२ मिलीच्या बाटल्या असतात, १२ मिली म्हणजे ढोबळमानाने एक तोळा. त्यांत अल्कोहोल नसल्याने वास फवाऱ्यासारखा उसळत नाही, त्वचेला चिकटून सावकाश येतो. पानाचा टप्पा दबलेला आणि दूध-लाकूड लवकर पुढे, असं यांचं वळण असतं. हिवाळ्यात ते सुंदर लागतं, उन्हाळ्यात जड.

घेताना दुकानदाराला काचेच्या काडीने कागदी पट्टीवर एक टिपका आणि हातावर एक टिपका द्यायला सांगा. पट्टीवर १५ मिनिटांनंतर नुसता नारळ आणि व्हॅनिला येत असेल तर ते अंजीर नव्हे. वापरताना एक टिपका दोन्ही हातांना मिळून पुरतो. तेलाचा डाग कपड्यावरून निघत नाही, पांढऱ्या कपड्याखाली लावू नका.

पट्टीवरचा एक प्रयोग

ज्यांना आतली रचना समजून घ्यायची आहे, त्यांनी सुगंधी कच्चा माल विकणाऱ्यांकडून थोडं थोडं सामान आणून हा मेळ करून बघावा. हा फक्त कागदी पट्टीवर हुंगण्यासाठी आहे, अंगाला लावण्यासाठी नाही. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. सगळे पदार्थ डायप्रोपिलीन ग्लायकॉल या जवळपास बिनवासाच्या द्रवात पातळ केलेले घ्या:

आयसो ई सुपर १० टक्के – १० थेंब
हेडिओन (जाईसारखा हलका फुलवास) १० टक्के – ८ थेंब
सीडरवूड तेल १० टक्के – ४ थेंब
गॅमा-ऑक्टालॅक्टोन १० टक्के – ३ थेंब
गॅमा-नोनालॅक्टोन १० टक्के – २ थेंब
स्टेमोन १ टक्का – ३ थेंब
सिस-३-हेक्सेनॉल १ टक्का – २ थेंब

आधी लाकूड आणि हेडिओन, मग लॅक्टोन, शेवटी हिरवे. हिरवे पदार्थ एकेक थेंब टाकत, प्रत्येक वेळी नवी पट्टी बुडवून हुंगा. स्टेमोनचे एक-दोन थेंब जास्त पडले तरी सगळा मेळ कडू आणि खरखरीत होतो, आणि वरून दूध ओतून तो सुधारत नाही. तिथे थांबून नव्याने करावं. मग मुद्दाम नोनालॅक्टोन दोनाचे सहा थेंब करून दुसरी कुपी बनवा. ‘खोबरेल होणं’ म्हणजे काय ते नाकाला कायमचं कळेल. कुपी बंद करून एक दिवस ठेवा, दुसऱ्या दिवशी कडा मऊ झालेल्या असतात. थेंबांचा आकार ड्रॉपरप्रमाणे बदलतो, तेव्हा तोच मेळ पुन्हा तसाच हवा असेल तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो.

त्वचा

नवं परफ्यूम रोज वापरायला घेण्याआधी कोपराच्या आत एक छोटा फवारा मारून दोन दिवस बघा. खाज, लाली, पुरळ आलं तर बंद, आणि खोक्यावरच्या यादीचा फोटो काढून ठेवा; त्वचारोगतज्ज्ञाला तो उपयोगी पडतो. दाढी केल्यावर लगेच गालावर, वॅक्सिंगनंतर त्या दिवशी, आणि लहान बाळाला कडेवर घ्यायचं असेल तेव्हा गळ्यावर, असं परफ्यूम नको.

बाटली कुठे ठेवायची

अंजिराच्या परफ्यूममध्ये आधी मरतो तो हिरवा भाग, कारण लिंबूवर्गीय आणि पानाचे रेणू उष्णतेने आणि हवेने लवकर बिघडतात. पत्र्याच्या छताखालची खोली, गच्चीलगतचा मजला, गाडीचा डॅशबोर्ड, दुचाकीची डिक्की, बाथरूमची फळी: यांतल्या कुठल्याही जागी एक उन्हाळा काढलेली बाटली पुढच्या हिवाळ्यात पान देणार नाही, थेट दुधापासून सुरू होईल. खालच्या मजल्यावरचं, आतल्या भिंतीचं लाकडी कपाट, मूळ खोक्यासकट, हीच योग्य जागा. एप्रिल-मे पुरतं फ्रिजच्या दारात ठेवलं तरी चालतं, फक्त घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर फोडणीच्या वरणाचा वास टोपणाला लागतो.

रोज बरोबर न्यायला ५ मिलीची फवारा-कुपी भरून घ्या आणि मोठी बाटली हलवूच नका. कुपी भरताना ती पूर्ण कोरडी असावी. आधीच्या परफ्यूमचा वास असेल तर ती बदललेलीच बरी, आतल्या नळीत मुरलेला वास निघत नाही. कुपीवर भरल्याची तारीख चिकटवा. बाटली अर्ध्याच्या खाली गेली की आत हवा वाढते, तेव्हा तिथून पुढे ती वर्षभरात संपवायचं ठरवा. रंग गडद झाला आणि पहिल्या मिनिटातला आंबूस वास दहा मिनिटांनीही उतरला नाही, तर ती अंगाला लावू नका. गाद्या-चादरींच्या कपाटात कापसाच्या बोळ्यावर दोन फवारे मारून ठेवायला ती अजून चालेल.